चारोळी तोडायचा दिवस

देवीच्या पाया पडून परत आलो तर बायको गेलेली. पुढचे दोन-अडीच महिने माझ्या डोक्यात याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. लोक म्हणायचे, तिचे दिवस भरले होते, गेली. मी म्हणायचो, मग मी कशाला गेलो होतो एवढ्या लांब? मी चौथीपर्यंत शिकलेला म्हातारा. आमच्या घरात बोलतात ती बोली वेगळी, मराठी मी आश्रमशाळेत शिकलो, तीही मार खाऊन. जे बोलणं झालं ते आमच्या बोलीत झालं, इथे मराठी करून लिहितो. याला देवीची कृपा म्हणायचं की नाही ते वाचणाऱ्याने बघावं. मला त्यावर कोणाशी भांडायचं नाही. झालं तसं सांगतो.

बायकोचं नाव वेस्ती. गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. तळोद्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही, म्हणाला आता फार काही करता येणार नाही. मी ऐकणारा नव्हतो. महाशिवरात्र आली होती, देवमोगऱ्याला याहामोगीची यात्रा भरते. याहा म्हणजे आई. दुष्काळात लोकांना धान्य वाटून जगवणारी ती आमची आई. मी म्हणालो, डॉक्टर नाही म्हणतो तर आईला विचारतो. वेस्ती म्हणाली, "नको जाऊ. इथे बस माझ्याजवळ." मी म्हणालो, "बसून काय होतं?" टोपलीत नवी ज्वारी घेतली, मोहाची बाटली घेतली, एक कोंबडा घेतला आणि अक्कलकुव्याकडून जाणाऱ्या जीपमध्ये चढलो. तिथे रात्रंदिवस रांगेत उभा राहिलो. एवढी माणसं, एवढी ढोलाची दणदण, आणि मी एकच बोलत होतो, तिला ठेव, तिला ठेव. पाया पडलो, कोंबडा दिला, परत फिरलो. दवाखान्याच्या फाटकाशी चहावाला ओळखीचा झाला होता. मला आत जाताना बघून तो गाडी सोडून पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, आते आठे थांबीसनी काय फायदा? तुम्हना पोऱ्या तिले सकायमाच घर लई गया." तो अहिराणीत बोलला, म्हणजे पोरगा तिला सकाळीच घरी घेऊन गेला, आता इथे थांबून काय उपयोग. त्याने मला चहा दिला. मी तो ओतून टाकला. त्याच्यावर कशाला राग काढला, माहीत नाही.

त्यानंतर मी देवाच्या ठाण्याकडे गेलो नाही. आमच्या पाड्याच्या वर टेकडीच्या पायथ्याशी ठाणं आहे, शेंदूर लावलेले तीन दगड आणि वर एक जुना आंबा. मी पाड्याचा पुजारा. माझा बाप पुजारा होता, त्याचा बाप पण. होळी आली, लोकांनी बोलावलं, मी गेलो नाही, म्हणालो घरात मरण आहे. ते खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. मला देवीचं तोंड बघायचं नव्हतं. आणि घरात बसवत पण नव्हतं. खाट उन्हात टाकायचो, सावलीत ओढायचो. नाल्यावर जायचो, पाण्याला हात न लावता परत यायचो. रस्त्याला लागायचो आणि अर्ध्यात विसरायचो कुठे निघालो होतो. माझी सून सुमी एक दिवस वैतागली. "बाबा, तू बस ना एका जागी. तुला बघून माझे पाय दुखायला लागले." मी तिला नको ते बोललो. तीही मला बोलली.

आता चारोळीचं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या डोंगरात चारोळीची झाडं आहेत. वैशाखात बारीक फळं पिकून काळी होतात. वरचा गर खायला गोड, आत कडक बी, ते जात्यात भरडलं की आतली चारोळी निघते. शहरात मिठाईवर घालतात ती हीच. आमच्याकडे चाल अशी की पुजाऱ्याने दिवस सांगितल्याशिवाय कोणी एक फळ तोडायचं नाही. दिवस सांगितला की सगळा पाडा एकत्र वर जातो, ठाण्यावर पहिली फळं ठेवायची, मग हाताने तोडायची. फांदी तोडायची नाही, शेंड्याची फळं काढायची नाहीत. खालच्या गावाने ही चाल सोडून दिली. तिथे ज्याला वाटेल तो आधी धावायला लागला, दुसऱ्याने नेऊ नये म्हणून हिरवी फळं ओरबाडायला लागला, चढायचा कंटाळा म्हणून कुऱ्हाडीने फांद्याच खाली पाडायला लागला. आज त्या गावाच्या बाजूला चारोळीचं एक झाड दिसत नाही. डोंगर कसा डोक्यावरून वस्तरा फिरवल्यासारखा दिसतो. त्या गावाच्या बायका आता आमच्या पाड्यात नातं काढत येतात, मावशी मला चार शेर दे म्हणतात. म्हणून हा दिवस म्हणजे साधी गोष्ट नाही. दिवस चुकला की लोकांचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला की दुसऱ्या वर्षी कुऱ्हाड.

हा दिवस मी तीस वर्षं सांगत आलो. लोक म्हणायचे, पुजाऱ्याच्या जिभेवर याहा बसते, त्याचा दिवस कधी चुकत नाही. पहिलं फळ माझ्या तोंडात. कोंबड्याची मुंडी माझ्या ताटात. वन खात्याचा एक साहेब आला होता, त्याने वहीत लिहून घेतलं, पारंपरिक ज्ञान म्हणून, माझा फोटो काढला. मी छाती काढून उभा राहिलो. आणि खरं काय होतं? खरं असं होतं की दरवर्षी वैशाखात एका संध्याकाळी चुलीपुढे बसलेली वेस्ती भाकरी उलटता उलटता म्हणायची, "परवा सांग." बस, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी पाड्यात फिरून मोठ्या आवाजात सांगायचो. तिला कसं कळतं, हे मी तीस वर्षांत एकदा विचारलं नाही. पहिली काही वर्षं मला आठवण असायची की ही सांगते. पुढे पुढे मला वाटायला लागलं की मलाच कळतं, ही नुसती आठवण करून देते. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, बघा. दुसऱ्याला फसवायला तरी डोकं लागतं.

वैशाख लागला. ऊन असं की दगडावर पाय ठेवता येत नव्हता. माझा पुतण्या दमण्या, चाळिशीचा माणूस, त्याची एक जुनी पिकअप आहे, पाड्याचा माल तोच बाजारात नेतो. तो रोज यायला लागला. "काका, दिवस कधी? व्यापारी विचारतो." मी म्हणायचो, "बघतो." तो म्हणायचा, "झाड बघतो की आभाळ बघतो? रस्त्यात नुसता फिरताना दिसतोस." पाड्यात कुजबुज सुरू झाली होती की पुजाऱ्याचं डोकं बायकोच्या मागे गेलं. दोन घरांनी आकड्या काढून ठेवल्याचं सुमीने सांगितलं. आकडी म्हणजे फांदी ओढायची लांब काठी. कोणाच्या घरात कुऱ्हाडीला धार लावल्याचा आवाज आला की मी उठून वाटेला लागायचो. मला वाटायचं, बापाने सांभाळलं, आजाने सांभाळलं, आणि माझ्या हातात येऊन हे संपणार.

म्हणून मी गेलो बघायला. आमच्या घरामागे खडक आहे, त्याच्या बाजूला चारोळीची पाच-सहा झाडं आहेत. फळं काळी झालेली. एक तोंडात टाकलं. गोड. दुसरं टाकलं, गोड. मी म्हटलं, कळतं की मला! एवढं काय त्यात? त्याच संध्याकाळी पाड्यात फिरून सांगितलं, परवा सकाळी सगळ्यांनी ठाण्यावर यायचं. आवाज तसाच मोठा काढला. लोक खूश झाले. दमण्याने पाठीवर हात ठेवला, "आता बरा झालास काका." पण घरी आलो तर जेवण जाईना. सुमी भाकऱ्या टाकत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, ती काही बोलेल म्हणून. ती काय बोलणार होती? तिने विचारलं, "आणखी पाहिजे का?" मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढलं होतं, घरचे सगळे कामाला गेले होते. मी ओट्यावर दोरी वळत होतो, म्हणजे वळत होतो आणि उकलत होतो. अंगणाच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. वयाने वेस्तीएवढी, थोडी जास्तच. डोक्यावर लाकडाचा भारा नाही, टोपली नाही, हात रिकामे. पाय धुळीने भरलेले. मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिने पाणी मागितलं, मी दिलं. उभ्यानेच पिली आणि म्हणाली, "वेस्ती कुठे?"

मला "मेली" हा शब्द बोलता आला नाही. तोवर मी तो एकदाही बोललो नव्हतो. मी म्हणालो, "घरात नाही."

"मग तू ऐकून ठेव आणि तिला सांग. वरच्या नाल्याकडची अजून हिरवी आहेत, दगडासारखी. उन्हाकडची काळी झाली म्हणून घाई करू नको म्हणावं. आठ-नऊ दिवस जाऊ दे."

मी म्हणालो, "आठ-नऊ दिवसांत उन्हाकडची सगळी गळून वाया जातील."

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं आपण लहान पोराकडे बघतो. "वाया? पहिलं खाणं पाखरांचं आणि अस्वलाचं असतं. ते खातात आणि बी डोंगरभर टाकतात. तू कधी टाकलंस का एक बी? तू तर सगळं भरडून विकतोस. वेस्तीला माहीत आहे हे सगळं. तू फक्त निरोप दे."

"तू दरवर्षी येतेस?"

"येते की. तू कधी घरात असतोस?" असं म्हणून हसली, तांब्या ओट्यावर ठेवला आणि वरच्या वाटेने निघून गेली.

मी बसून राहिलो. मग एकदम उठलो. मला वाटलं, हिला सांगायला पाहिजे. वेस्ती नाही हे हिला सांगायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा विचारेल. आणि नाव पण विचारलं नाही, गाव पण विचारलं नाही. मी त्या वाटेने पळालो. या वयात पळालो. वळणावर गेलो तर वाट पार खडकापर्यंत मोकळी. तिथे आमच्याच पाड्याची एक बाई शेळ्या चारत होती. मी विचारलं, इथून कोणी गेलं का? ती म्हणाली, सकाळपासून तूच पहिला. मी त्या दिवशी वरच्या पाड्यापर्यंत गेलो, चार घरी विचारलं. अशा बाईला कोणी ओळखलं नाही. एक जण म्हणाला, पलीकडच्या राज्यातून कोणी लग्नाला आली असेल. एका म्हातारीने जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मी तेव्हाही काही बोललो नाही, आताही बोलत नाही. शेळ्यावाली झाडाखाली झोपली असेल, तेही होऊ शकतं.

परत येताना नाल्याकडे गेलो. सावलीची बाजू. खरंच, फळं हिरवी. दाताखाली धरलं तर तुरट, आतलं बी पांढरं, पाण्यासारखं. हे तोडलं असतं तर वाळून नुसती सालपटं राहिली असती. मग उन्हाकडच्या झाडांखाली गेलो. आदल्या दिवशी मी वर बघून फळ तोंडात टाकलं होतं, खाली बघितलंच नव्हतं. खाली पाखरांनी गर खाऊन टाकलेलं बी सगळीकडे. जरा पुढे अस्वलाची विष्ठा, तीत बीच बी. आणि खडकाच्या फटीत, पाचोळ्यात, बोटाएवढी, वीतभर, कमरेएवढी रोपं. कोणी लावली होती? मी तर नाही. सत्तर वर्षं या डोंगरात राहिलो, आणि ही रोपं कुठून येतात हे मला त्या दिवशी कळलं. त्या आठ-नऊ दिवसांनी आमचा डोंगर वाचवला होता, आणि ते दिवस वेस्ती मोजत होती.

आता माझी खरी पंचाईत सुरू झाली. दिवस तर सांगून बसलो होतो, उद्याचा. पुजाऱ्याने सांगितलेला दिवस मागे घेतलेला मी ऐकला नव्हता. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? ती बाई निघून गेली होती. एक वर्ष माल हलका निघाला असता, लोक म्हणाले असते पाऊस कमी होता. आणि खरं बोललो तर तीस वर्षांची अब्रू जाते, शिवाय लोक म्हणणार, याला काही कळत नाही, मग आपण कशाला थांबायचं? दोन्हीकडून खड्डा. मी ठाण्याजवळून चाललो होतो. पाय थांबले. मी देवीला म्हणालो, "मी तुझ्याकडे आलो नाही. रस्ता इथून जातो म्हणून आलो." तरी उभा राहिलो. मग बोललो, जे पोटात होतं ते सगळं. शिव्या पण दिल्या, लपवत नाही. म्हणालो, मी मागितलं ते तू दिलं नाहीस. आणि मला पाहिजे नव्हतं ते माझ्या दारात पाठवलंस. शेवटी मला रडू आलं. वेस्ती गेल्यावर पहिल्यांदा. खूप वेळाने म्हणालो, आता मला काही कळत नाही, तू बघ. असं मी देवीला आयुष्यात कधी म्हणालो नव्हतो. मी नेहमी तिला काय करायचं ते सांगायचो.

सकाळी सगळा पाडा ठाण्यावर. टोपल्या, आकड्या, पोरंबाळं, हसणं. मी पुढे उभा राहिलो आणि सांगितलं, आज तोडायचं नाही. नाल्याकडची हिरवी आहेत. आठ-नऊ दिवस थांबायचं. मी चुकलो.

दमण्या पुढे आला. "काका, काल एक बोलतोस, आज दुसरं. उद्या काय, देव बदलणार? मी व्यापाऱ्याला सांगून ठेवलं आहे. ज्यांना यायचं ते चला वर." चार-पाच माणसं हलली. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. मला वाटलं, संपलं.

मग मी बाकीचं पण बोललो. म्हणालो, मला कधीच कळत नव्हतं. तीस वर्षं दिवस वेस्ती सांगायची. मी नुसता ओरडायचो. ती गेली, आणि मी घरामागचं एक झाड बघून तुम्हाला दिवस सांगितला. काल दारात एक बाई आली, तिने सांगितलं म्हणून मला कळलं. एवढं बोलून मी खाली बघत राहिलो. कोणी दगड मारला असता तरी चाललं असतं.

आणि मग मागून कोणीतरी हसलं. बुधीबाई, आमच्या पाड्याची सगळ्यात म्हातारी बाई, दात नाहीत, हसताना सगळं अंग हलतं. "डाया," ती म्हणाली, डाया म्हणजे म्हातारा जाणता माणूस, "हे सगळ्या पाड्याला माहीत आहे. तुला एकट्यालाच माहीत नव्हतं." बायका हसायला लागल्या. मी म्हणालो, "काय माहीत आहे?" बुधीबाई म्हणाली, "मी वेस्तीला खळ्याकडच्या झाडांचं सांगायची. ही शेजारची टाकीकडचं सांगायची. लाकडाला गेलेली प्रत्येक बाई येताना तिच्या दारात थांबायची. सगळं ऐकून ती दिवस काढायची. आम्ही म्हणायचो, तूच सांग ना पाड्याला. ती म्हणायची, नको, त्याचा आवाज मोठा आहे, तो कामाला येतो. त्याला कळू देऊ नका, फुगलेला असला की बरा ओरडतो. यंदा ती नाही, आणि तू आम्हाला विचारलं नाहीस."

आता माणसं पण हसायला लागली. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत नाही. बुधीबाईने डोक्यावरची टोपली उतरवली, जमिनीवर उपडी घातली आणि तिच्यावर बसली. शेजारच्या बाईने पण टोपली उपडी घातली. मग सुमीने. बघता बघता सगळ्या बायका उपड्या टोपल्यांवर बसल्या. बुधीबाई दमण्याला म्हणाली, "जा बेटा, तोड. पण आणणार कशात? आणि भरडणार कोण? तुझी बायको इथे बसली आहे." दमण्याने आपल्या बायकोकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. तो म्हणाला, "माझी गाडी काय आठ दिवस नुसती उभी ठेवायची का?" असं काहीतरी बडबडला, पण कुऱ्हाडवाल्याच्या खांद्याला धरून त्याला खाली बसवलं त्यानेच.

ते आठ दिवस मला वर्षासारखे गेले. कोण म्हणतं देवावर सोपवलं की मन शांत होतं? माझं झालं नाही. पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला, धुळीने डोंगर दिसेना, पत्रे उडाले. मी घरामागे गेलो तर फळं टपटप गळत होती. दमण्या भेटला, त्याने नुसतं बोटाने दाखवलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. माझ्या मनात आलं, उद्याच तोडायला सांगावं. बुधीबाईकडे गेलो. ती म्हणाली, "नाल्यात वारा लागत नाही. घरी जा." मी घरी गेलो. तरी दिवसातून तीनदा तिच्याकडे जायचो. शेवटी ती म्हणाली, "डाया, मी पिकवत नाही, झाड पिकवतं." नवव्या दिवशी सकाळी ती आणि आणखी दोघी नाल्याकडून आल्या, पानाच्या द्रोणात फळं घेऊन.

ठाण्यावर सगळे जमले. मी फळं ठेवली, मोहाची धार दिली, बापाने शिकवले तेच शब्द म्हणालो. त्यानंतर पहिलं फळ पुजाऱ्याने खायचं असतं. मी द्रोण उचलला आणि बुधीबाईपुढे धरला. तिने एक घेतलं, हिरड्यांनी चावलं, बी तळहातावर काढलं, दगडाने फोडलं, आतलं बघितलं आणि दुसरीला दिलं. दुसरीने तिसरीला. मी उभा. मग बुधीबाईने मान हलवली. "भरलं आहे." तेव्हा मी पाड्याकडे वळून ओरडलो, तोडा! आणि लोक वर निघाले. माल किती निघाला ते मी सांगत नाही, जास्त निघाला असंही म्हणत नाही. फांदी एकाही झाडाची तुटली नाही, हे मी प्रत्येक झाडाखाली जाऊन बघितलं. दमण्याने शेंडा सोडला. मी बघतो आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून असेल, पण सोडला हे खरं.

ती बाई कोण होती, मला माहीत नाही. याहा असेल तर तिच्या पायावर डोकं ठेवतो. कोणी पाहुणी असेल तर तिच्या पण पायावर ठेवतो, कारण तिला पाठवणारी याहाच. आईने मला मागितलेलं दिलं नाही. वेस्ती परत आली नाही, घर रिकामं आहे, अजून कधी कधी मी देवीशी भांडतो. पण मी चुकत होतो तेव्हा तिने मला चुकू दिलं नाही, आणि लोकांपुढे खोटं उभं राहू दिलं नाही. तिने मला विचारायला लावलं. एवढं मोठं वय झालं, विचारायला कोणी शिकवलं नव्हतं. डोंगर मी सांभाळतो असं मला वाटायचं. डोंगर बायका सांभाळत होत्या, पाखरं सांभाळत होती, अस्वल सांभाळत होतं, आणि आम्हा सगळ्यांना याहा. मी त्यातला एक, ओरडायच्या कामाचा. हे कळलं तेव्हा लाज वाटली, आणि लाजेच्या मागून हलकं पण वाटलं. आई, तुझे उपकार.

आता वर्ष होत आलं. चारोळीला फुलं आली आहेत. सुमी यंदा लाकडाला जाते तेव्हा बुधीबाईच्या बरोबरीने नाल्याकडून येते. काल आली, भारा टाकला, घाम पुसला आणि म्हणाली, "बाबा, नाल्याकडे फूल दाट आहे, पण उन्हाकडे विरळ वाटतं."

मी म्हणालो, "बघत राहा. मग मला सांग."